भाव राहू द्या, वर काय देताय ते सांगा

सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरी आणि टॉवेल विकण्यात माझी चौतीस वर्षं गेली. गिऱ्हाईक येतं, डबलची चादर उलटीसुलटी करून बघतं, काठ ओढून बघतं आणि भाव पाडून मागतं. मी भाव पाडत नाही. एकाला पाडला की संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं, कारखानदाराचा फोन येतो आणि उद्या दहा जण तोच भाव मागतात. पण गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की मी चादरीच्या घडीत दोन नॅपकिन सरकवतो. नॅपकिन मला स्वस्तात पडतो, गिऱ्हाइकाला महाग वाटतो. भाजीवाल्या मावशी मेथीच्या जुडीवर कढीपत्ता टाकतात, तसंच हे.

क्रूझच्या धंद्यात अगदी हेच चालतं. मला ते कळायला एक अख्खी सफर जावी लागली.

२०२२ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं मुंबईहून गोव्याच्या जहाजावर गेलो. उजनीच्या पलीकडं एवढं पाणी बघायची सवय नाही, त्यामुळं जहाज दिसल्यावरच निम्मे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. जाहिरात बघून, फोन करून, सांगतील ते पैसे भरून मोकळा झालो होतो. जेवणाच्या टेबलाला सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका बाई होत्या. बोलता बोलता निघालं की त्यांनी आमच्याएवढेच पैसे भरले होते, पण त्यांची खोली समुद्राकडच्या खिडकीची होती आणि वर दोन मसाजची कुपनं मिळाली होती. आमची खोली आतली, तिला खिडकी नाही. मी म्हटलं, "बाई, हे कसं?" त्या म्हणाल्या, "मी विचारलं. तुम्ही विचारलं नाही?"

रोज शंभर गिऱ्हाइकांना तोंड देणारा माणूस मी, आणि स्वतः गिऱ्हाईक झालो तेव्हा गप्प बसलो. त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती काही लाटांमुळं नाही.

पुढची सफर २०२५ च्या मार्चात. सिंगापूरहून चार रात्री, पेनांग आणि फुकेत करून परत. किल्ला बागेत सकाळी फिरायला येणारी आमची मंडळी, आठ जोडपी. या वेळी दोन महिने आधीपासून वही घालून हिशोब केला. त्या वहीतलं खाली उतरवतो.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या

क्रूझच्या भाड्यात तीन गठ्ठे असतात. एक खोलीचं मूळ भाडं. दुसरा बंदरांचे कर आणि शुल्क. तिसरा रोजची बक्षिसी, म्हणजे ग्रॅच्युइटी, जी जाहिरातीत बहुतेक वेळा दिसतच नाही. एजंटाला कमिशन मिळतं ते पहिल्या गठ्ठ्यावर, आणि त्यातलाही काही भाग कंपन्या बिनकमिशनचा ठेवतात. साधारण दहा टक्क्यांपासून सुरुवात, मोठ्या एजंटाला पंधरा-सोळापर्यंत. करांवर त्याला छदाम मिळत नाही.

एजंटानं आपलं कमिशन कापून जाहीर भावाखाली विकलेलं कंपन्यांना खपत नाही. आमच्या कारखानदारासारखंच. मग एजंट काय करतो? कमिशनातला तुकडा तुमच्या नावे जहाजाच्या खात्यात टाकतो. त्याला ऑनबोर्ड क्रेडिट म्हणतात. आमच्या ग्रुपमध्ये सगळे त्याला वाटखर्ची म्हणायला लागले, मीही इथं तेच म्हणतो. भाव कागदावर तोच राहतो आणि जहाजावर तुम्हाला पन्नास, शंभर डॉलर खर्चायला मिळतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. मूळ भाडं दोघांचं बाराशे डॉलर धरा. बारा टक्क्यांनी एजंटाचे झाले १४४ डॉलर. त्यातून त्यानं तुम्हाला तीस-चाळीस दिले तर तो बरा माणूस. तुम्ही शंभर मागितले तर तो फोन उचलायचं बंद करील. आपणही दुकान चालवतो, समोरच्याच्या ताटातलं किती उचलायचं याला माप असतं. हेच भाडं चार हजार डॉलरचं असेल, युरोप-अलास्काची आठवडाभराची बाल्कनी खोली असेल, तर मात्र दीडशे मागायला लाजू नका.

वाटखर्ची तीन हातांनी येते

पहिला हात कंपनीचा. अमुक तारखेच्या आत बुक केलं तर खोलीमागे इतके डॉलर. हे जाहीर असतं, सगळ्यांना मिळतं. फक्त खोलीमागे की माणसामागे हे वाचा. "१०० डॉलरपर्यंत" यातलं "पर्यंत" वाचा. पन्नास डॉलर आतल्या खोलीला आणि शंभर बाल्कनीला, असं बारीक अक्षरांत असतं. शिवाय या योजना तुम्ही कुठल्या देशात राहता त्यावर चालतात. अमेरिकेतल्या भाच्यानं पाठवलेल्या जाहिरातीवर इथं भांडू नका. त्यांच्याकडं ज्येष्ठांची सवलत, लष्करातल्या माणसांची सवलत, राज्याराज्याची सवलत असते. आपल्याला ती लागू होईलच असं नाही.

दुसरा हात ग्रुपचा, आणि खरी मलई इथं आहे. बहुतेक मोठ्या कंपन्या आठ खोल्या, म्हणजे सोळा माणसं झाली की त्याला ग्रुप धरतात. सोळा भाड्यांमागे साधारण एक मूळ भाडं सुटतं, कर मात्र भरावेच लागतात. त्याशिवाय ग्रुपला म्हणून थोडी वाटखर्ची किंवा एखादी सोय मिळते. एजंट हे सुटलेलं भाडं न सांगता खिशात टाकू शकतो. टाकतोच असं मी म्हणत नाही, पण विचारल्याशिवाय सांगत नाही. आम्ही पहिल्याच बैठकीत विचारलं: "सतराव्या माणसाचं भाडं कुणाचं?" समोरचा हसला आणि वही काढली.

आमच्या वेळी ते सुटलेलं भाडं ३१,००० रुपयांच्या आसपास निघालं. आता सोळा जणांत वाटलं तर माणशी दोन हजारही येत नाहीत, आणि त्यावरून बागेत दोन दिवस चर्चासत्र झालं. एकाचं म्हणणं, ज्यानं ग्रुप जमवला त्यानं फुकट जावं. म्हणजे मी. मी नको म्हटलं, पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागलं असतं. शेवटी ते आठ खोल्यांत वाटखर्ची म्हणून टाकलं, खोलीमागे ४५ डॉलर. ग्रुपची म्हणून कंपनीकडून २५. एजंटाच्या खिशातून ३०. झाले शंभर डॉलर खोलीमागे. आठशे डॉलर नुसत्या विचारण्याचे.

आठ खोल्या जमत नसतील तरी हार मानू नका. सोलापुरातला एजंट बहुधा मुंबईच्या मोठ्या एजन्सीकडून खोल्या घेतो, आणि त्या एजन्सींनी मोठ्या सफरींवर ग्रुपच्या नावे खोल्या आधीच अडवून ठेवलेल्या असतात. तुम्ही एकटं जोडपं असलात तरी त्या ग्रुपच्या साठ्यातली खोली मागता येते. भाडं तेच किंवा थोडं कमी, आणि ग्रुपची वाटखर्ची वर. शब्द असे वापरा: "या तारखेला तुमच्याकडं ग्रुपमधली खोली शिल्लक आहे का?" हा प्रश्न विचारणारा माणूस नवखा नाही हे त्याला लगेच कळतं.

तिसरा हात एजंटाचा स्वतःचा, त्याचं वर सांगितलंच.

हे तीनही एकावर एक बसतात का? पुष्कळदा बसतात. कधी कधी ग्रुपचा भाव घेतला की कंपनीची जाहीर योजना लागू होत नाही. म्हणून दोन्ही रीतीनं हिशोब मागवा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा.

कधी बुक करायचं

क्रूझवाल्यांचा हंगाम जानेवारी ते मार्च. वर्षभरातल्या सगळ्यात जास्त योजना तेव्हा निघतात, तिकडं त्याला वेव्ह सीझन म्हणतात. आपल्याला लक्षात ठेवायला सोपं आहे. संक्रांतीला होम मैदानावर सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा लागला, नंदीध्वज निघाले, की क्रूझच्या जाहिराती बघायला लागायचं. दुसरा हंगाम नोव्हेंबरच्या शेवटी, ब्लॅक फ्रायडेचा.

बुक झाल्यावरही डोळे मिटू नका. पूर्ण पैसे भरायची तारीख साधारण अडीच-तीन महिने आधीची असते. त्या तारखेपर्यंत भाडं उतरलं तर एजंटाला सांगून नव्या भावात बसवून घेता येतं. दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी बघत जा. पण एक खोच आहे: नवा भाव घेताना जुन्या योजनेची वाटखर्ची उडू शकते. भाडं चाळीस डॉलरनं उतरलं म्हणून आनंदानं बदलून घेतलं आणि पन्नास डॉलरची वाटखर्ची गेली, तर दहा डॉलरचा खड्डा. तारीख उलटून गेल्यावर भाव उतरला तर पैसे परत मिळत नाहीत. तरीही नम्रपणे विचारावं. काही वेळा फरकाची वाटखर्ची किंवा एक पायरी वरची खोली देतात. हक्क नाही, मर्जी आहे.

एजंटाला काय लिहायचं

फोनवर बोला, पण शेवट लेखी करा. फोनवरचं "करतो की मालक, काळजीच करू नका" हे मी स्वतः चौतीस वर्षं म्हणत आलोय, त्यामुळं त्याची किंमत मला ठाऊक आहे. एका एजंटानं आम्हाला तोंडी खोलीमागे दीडशे डॉलर कबूल केले आणि कच्च्या बिलात त्यांचा मागमूस नव्हता. विचारल्यावर म्हणाला, ते नंतर दिसेल. आम्ही त्याला तिथंच नमस्कार केला. मग दुसऱ्याला हा मजकूर पाठवला, हवा तर उचला:

"नमस्कार. अमुक जहाज, अमुक तारीख, बाल्कनी खोली, दोन माणसं. भाडं, कर आणि ग्रॅच्युइटी वेगवेगळी दाखवून हिशोब द्यावा. डॉलरचा कोणता भाव धरला ते लिहावं. जीएसटी आणि टीसीएस वेगळे दाखवावेत. ऑनबोर्ड क्रेडिट किती, कंपनीचं किती आणि तुमचं किती, खोलीमागे की माणसामागे, परत मिळणारं की न मिळणारं, हे लिहावं. ग्रुपमधली खोली असल्यास तिचाही हिशोब द्यावा. मी आणखी दोन ठिकाणी विचारतो आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते धमकी म्हणून नाही. समोरच्यानं पहिल्याच फटक्यात नीट भाव द्यावा म्हणून.

डॉलरचा भाव हा फार सभ्य खिसेकापू आहे. तेव्हा बाजारात डॉलर ८६-८७ रुपयांना होता. एकानं ८७ धरला, दुसऱ्यानं ८९. सोळाशे डॉलरच्या बुकिंगला हा फरक ३,२०० रुपयांचा होतो. दुसरा वर पंचवीस डॉलरची वाटखर्ची फुकट देत होता. पंचवीस डॉलर म्हणजे सव्वादोन हजार रुपये. म्हणजे आमच्याच खिशातून काढून आम्हालाच चहा पाजत होता.

टीसीएस, म्हणजे सहलीचे पैसे भरतानाच आगाऊ कापलेला प्राप्तिकर, खर्चात धरू नका. आमच्या वेळी परदेशी सहलीच्या पॅकेजवर पाच टक्के कापले, नंतर नियम बदलत राहिले, पण रीत तीच आहे. ते पैसे तुमच्या पॅनवरच्या कराच्या उताऱ्यात दिसतात आणि रिटर्न भरताना वळते होतात किंवा परत येतात. रिटर्न न भरणाऱ्या काकांच्या नावावर बुकिंग करू नका, एवढंच. याउलट थेट कंपनीच्या परदेशी संकेतस्थळावर कार्डानं पैसे भरले तर पुष्कळ कार्डं साडेतीन टक्के जादा लावतात, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे सव्वाचार टक्क्यांच्या थोडं आतच. कमी आकारणीचं कार्ड घरात कुणाकडं असेल तर आधी ते शोधा.

आणि दारू. जोडीला वाइनची बाटली देतो, शँपेन देतो, असं एजंट फार प्रेमानं सांगतात. आमच्या आठ खोल्यांत सहा माळकरी. मी म्हटलं, बाटली राहू द्या, तेवढ्याची वाटखर्ची लावा. लावली.

परत मिळणारी आणि न मिळणारी

इथं आता सावकाश वाचा, कारण लोक मिळवतात आणि इथं घालवतात.

वाटखर्ची दोन जातींची. एक जात अशी की उरली तर शेवटी कार्डावर किंवा रोख परत मिळते. दुसरी उरली तर शेवटच्या रात्री बुडते. कंपनीच्या योजनेतली बहुधा दुसऱ्या जातीची. म्हणून आधी न परतणारी संपवायची.

मग ती कशावर संपवायची? जे पैसे कसेही जाणारच आहेत, त्यावर. आणि जहाजावर कसेही जाणारे पैसे म्हणजे ग्रॅच्युइटी. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीची त्या वेळी साध्या खोलीला माणशी रोज साडेअठरा डॉलर होती. दोन माणसं, चार रात्री, म्हणजे १४८ डॉलर. जवळजवळ पावणेतेरा हजार रुपये! एजंट म्हणतात, ती आधीच भरून टाका, डोक्याला ताप नको. नाही भरली तर ती रोज तुमच्या जहाजाच्या खात्याला लागत जाते. आणि खात्यात वाटखर्ची पडलेली असेल तर ती आपोआप त्यात वळती होते. म्हणजे तुमचे शंभर डॉलर पूर्ण कामाला आले, एक टोपी न घेता. आम्हाला वरचे ४८ डॉलर तेवढे भरावे लागले.

आमच्या मेव्हण्यांनी मात्र ऐकलं नाही. त्यांना सगळं आधी भरून "निवांत" जायचं होतं. ग्रॅच्युइटी भरली, इंटरनेट घेतलं, जहाजावरच्या एका खास हॉटेलातलं जेवणही आधीच घेऊन ठेवलं. चौथ्या रात्री पावणेअकराला खोलीच्या दारावर थाप. "दाजी, शंभर डॉलर शिल्लक आहेत आणि दुकान अकराला बंद होतंय." धावत गेलो. तिथं त्यांनी दोन टी-शर्ट, एक टोपी आणि, सांगायला लाज वाटते, एक टॉवेल घेतला. समुद्रकिनाऱ्यावर अंथरायचा. सोलापूरचा माणूस, चाटी गल्लीत घरचं दुकान, आणि डॉलर मोजून टॉवेल. त्यांच्या मंडळींनी तो टॉवेल बघितला, माझ्याकडं बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

आधी घेणं फायद्याचं असं दोन-तीनच ठिकाणी असतं. इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, खास हॉटेलातलं जेवण हे कंपनीच्या ॲपवर सफरीच्या आधी पुष्कळदा स्वस्त असतं. पण बहुतेक ठिकाणी वाटखर्ची त्या आधीच्या खरेदीला चालत नाही, जहाजावर चढल्यावरच उघडते. म्हणून ज्यावर आधी घसघशीत सूट आहे ते कार्डानं आधी घ्या, आणि वाटखर्ची ग्रॅच्युइटीला राखून ठेवा. "मोफत ड्रिंक पॅकेज" देणाऱ्या जाहिरातींपुढं थोडं थांबा. पेयं मोफत असतात, त्यावरचा सेवाशुल्काचा टक्का पुष्कळदा मोफत नसतो. शिवाय विकतचं दारूचं पॅकेज एकानं घेतलं तर त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यायचं, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. आपल्यासारख्यांना पाणी, साधा चहा-कॉफी, सरबत जेवणघरात मिळतंच.

चढल्या दिवशी

बंदरावर जायच्या आधी सगळे कागद छापून जवळ ठेवा. मोबाइलवर आहे म्हणू नका, समुद्रात विकत घेतल्याशिवाय नेट नसतं. आमच्या आठ खोल्यांपैकी दोन खोल्यांच्या खात्यावर पहिल्या दिवशी शून्य होतं. तिथल्या मदत कक्षात रांग लावली, कागद दाखवला, त्यांनी मुंबईशी मेलवर बोलून संध्याकाळपर्यंत टाकलं. चौथ्या दिवशी बघितलं असतं तर कुणी दाद दिली नसती. चढलात की खाण्याआधी खातं बघा. (खाणं बारा तास चालू असतं, कुठं जात नाही.)

खात्याला कार्ड जोडावं लागतं. शक्यतो क्रेडिट कार्ड जोडा. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड जोडलं की रोजच्या खर्चाची रक्कम आधी अडकवून ठेवतात आणि ती सुटायला पुढं कित्येक दिवस जातात. तोवर फुकेतच्या बाजारात तुम्ही रिकामे. रोख जमा करूनही खातं चालतं. किनाऱ्यावरच्या दुकानात कार्डयंत्र "रुपयात घेऊ की स्थानिक पैशात?" असं विचारतं तेव्हा स्थानिक म्हणा. रुपयात म्हटलं की भाव त्या दुकानदाराच्या बाजूनं ठरतो, आणि दुकानदार भाव कसा ठरवतो हे माझ्याकडून ऐकायला नको.

जहाजावरच पुढच्या सफरीच्या बुकिंगचा एक कक्ष असतो. तिथं पुढची सफर नोंदवली तर जादा वाटखर्ची देतात, आणि ती घरी बसून मिळते त्यापेक्षा बरी असते. पण पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा: अनामत परत मिळते का, आणि हे बुकिंग माझ्या सोलापूरच्या एजंटाकडं वळवता येईल का. वळवलं की कंपनीची वाटखर्ची राहते आणि एजंटाकडं पुन्हा "वर काय?" विचारता येतं. वळवायला मुदत असते, घरी आल्या आल्या करा.

पहिल्या सफरीनंतर कंपनीच्या सभासदत्वाचा क्रमांक मिळतो, तो पुढच्या बुकिंगला न चुकता लावा. रॉयल कॅरिबियनमध्ये रात्रीमागे एक गुण, एकट्यानं खोली घेतली किंवा स्वीट, म्हणजे वरच्या दर्जाची मोठी खोली, घेतली तर दोन. तीस गुणांना प्लॅटिनम, ऐंशीला डायमंड. चार-चार रात्री करत आपण डायमंडला पोचेपर्यंत नातू लग्नाला येतील, पण क्रमांक लावायला काही लागत नाही.

खोली वरच्या दर्जाची करून घ्यायची बोली लावता येते, मेल येतो. लक्षात ठेवा, रॉयल कॅरिबियनच्या त्या बोलीत आकडा माणसामागे दिसतो. पन्नास लिहिले की शंभर गेले.

ज्याच्या नादी लागू नये

माझ्या पुण्याच्या मुलानं एक युक्ती सांगितली: क्रूझ कंपनीचे शंभर शेअर घेतले की दर सफरीला वाटखर्ची. खरं आहे, कार्निव्हल कॉर्पोरेशननं अशी योजना वर्षानुवर्षं चालवली. लहान सफरीला ५० डॉलर, आठवड्याच्या सफरीला १००, चौदा दिवस किंवा त्याहून मोठ्या सफरीला २५०. पण शंभर शेअरांना लाखांनी रुपये गुंतवायचे, ते परदेशी पाठवायचे, दर वर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा, आणि दोन वर्षांतून एकदा चार रात्रींच्या सफरीला पन्नास डॉलर घ्यायचे. शेअर म्हणून आवडत असेल तर घ्या. वाटखर्चीसाठी म्हणजे नॅपकिनसाठी गिरणी विकत घेणं झालं.

कॅसिनोतून फुकट सफरी मिळतात म्हणतात. मिळतात, आधी तिथं तेवढं घालवणाऱ्याला.

सिंगापूरचा व्हिसा मात्र एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना ते तपासा, कारण जहाज बाहेर जाऊन परत तिथंच येतं. आणि मुंबईचं विमान सफरीच्या आदल्या दिवशीचं धरा. सिद्धेश्वर एक्सप्रेस दौंडला अर्धा तास थांबली म्हणून जहाज थांबत नसतं. शेंगाचटणी पाकीटबंद न्या, घरच्या डब्यातली तपासणीत अडवू शकतात. आमच्या वहिनींची कडक भाकरी निघाली तेव्हा तपासणारा ती बराच वेळ प्रकाशात धरून बघत होता.

शेवटच्या रात्री, झोपण्याआधी, खात्याचा पूर्ण उतारा ॲपवर किंवा टीव्हीवर बघा. न घेतलेला कोकाकोला, दोनदा लागलेलं मसाजचं शुल्क, असं काही असेल तर त्याच रात्री मदत कक्षात सांगा. सकाळी तिथं सगळं जहाज रांगेत असतं. परत मिळणारी वाटखर्ची उरली असेल तर ती जोडलेल्या कार्डावर येते, पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटवर टिकमार्क करून बघा.

परत आल्यावर आठवड्यानं मेव्हणे तो टॉवेल घेऊन दुकानात आले. मी काट्यावर टाकला, सूत बघितलं, काठ बघितला. माल बरा होता. तसला मी दोनशे ऐंशीला देतो, वर एक नॅपकिन.